मोकळे हात

ससा ओरडतो हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. त्याला आवाज दिलाय तो कोल्ह्याने मान धरली तर काढायला, एरवी सगळा जन्म मुका. पण साताऱ्यात, गोडोलीतल्या जगदाळ्यांच्या घरी, भर सकाळी पोहे शिजत असताना तिकीट ओरडला. आणि तोही कुणी पाठीवरून हात फिरवला एवढ्याच कारणाने.

हात सुरेखाबाईंचा होता. त्या जागच्या जागी थिजल्या.

"मनू, मी काही केलं नाही गं. रोजच्यासारखा हात लावला नुसता."

मृण्मयी, म्हणजे त्यांची सून, उलथनं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिकीट सोफ्याखाली शिरला होता. कान पाठीला चिकटलेले, डोळे अर्धवट मिटलेले, अंग थरथरत होतं. कालपरवापर्यंत हाच गडी सुरेखाबाईंच्या मांडीवर पसरून मालिका बघायचा. मृण्मयीने वाकून एक बोट पुढे केलं. बोट टेकायच्या आधीच तो भिंतीला जाऊन भिडला.

"पडला असेल कुठं तरी. पाय बघ त्याचा," सुरेखाबाई म्हणाल्या.

पाय मोडला तर जनावर पाय धरतं, सगळं अंग धरत नाही, हे मृण्मयीला कळत होतं.

तिकीट हा काही बाजारातून आणलेला ससा नव्हता. तो शिरवळच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आला होता. आता कायदाच तसा आहे. प्रयोग संपला की जनावर मारायचं नाही, त्याला घर शोधून द्यायचं. मृण्मयी तिथली शास्त्रज्ञ. पावसाळा सरता सरता ती त्याला टोपलीतून घेऊन आली. सुरेखाबाई एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी सशाच्या कानाला ओळखीसाठी पाडलेलं छिद्र पाहिलं आणि म्हणाल्या, "याचं तिकीट तर आधीच पंच केलंय की." तेच नाव पडलं.

गंमत म्हणा नाहीतर दैव म्हणा, या घरात 'विसावा' घेतलेले जीव दोन होते. एक तो ससा आणि दुसऱ्या खुद्द सुरेखाबाई.

विसावा हे संधिवातावरचं औषध. सुरेखाबाईंची बोटं गेली कित्येक वर्षं आल्याच्या गाठीसारखी झाली होती. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायच्या. साडी नेसायला सुनेची मदत लागायची, आणि ती घेताना त्या भिंतीकडे बघत राहायच्या. महिन्याला विसावाची एक सुई सुरू झाली आणि बाई पुन्हा कॅरम खेळायला लागल्या. एकेकाळी सातारा आगारात त्यांच्या स्ट्रायकरची दहशत होती म्हणे. येत्या रविवारी निवृत्तांच्या स्पर्धेत कराड आगाराशी अंतिम सामना होता, आणि तो त्यांनी इतका मनावर घेतला होता की घरात दुसरा विषय नव्हता. पुढची सुई शुक्रवारी. ती फ्रिजच्या दारात तयारच होती.

आता हे औषध करतं काय, ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे.

सांधा सुजला की शरीरात एक प्रथिन सुटतं. ते मज्जातंतूंच्या दारावर जाऊन कडी वाजवतं आणि मेंदूपर्यंत कळ पोचते. विसावा म्हणजे त्या प्रथिनाला वाटेतच धरून ठेवणारं प्रतिपिंड, कारखान्यात बनवलेलं. त्याचा आकार बरोबर त्या प्रथिनाच्या उलट, म्हणून तर ते त्यावर घट्ट बसतं. पण शरीर हे फार संशयी प्रकरण आहे. बाहेरून आलेलं औषधही त्याला परकं वाटतं, आणि मग ते औषधाविरुद्ध स्वतःचं प्रतिपिंड बनवतं. औषध मूळ प्रथिनाच्या उलट, आणि हे नवं औषधाच्या उलट. उलट्याचं उलटं केलं की पुन्हा मूळ आकार येतो. म्हणजे शरीराने औषधाला अडवायला जे बनवलं, ते नेमकं त्या कळ पोचवणाऱ्या प्रथिनासारखंच निघू शकतं. ते जाऊन तीच कडी वाजवणार. आणि मूळ प्रथिन थोड्या वेळात विरून जातं, हे मात्र आठवडेच्या आठवडे रक्तात हिंडत राहणार.

असं काही होतंय का, हे मोजायचं काम मृण्मयीचं. पूर्वी त्यासाठी सशांच्या कानातून सतत रक्त काढावं लागे. त्या कानांकडे बघून ती नोकरीच्या पहिल्या वर्षी घरी येऊन रडली होती. पुढे तिच्याच गटाने मापक बनवला, तांदळाच्या दाण्याएवढा. कातडीखाली बसवायचा. त्याच्यावर औषधाचे कण चिकटवलेले असतात. रक्तातलं विरोधी प्रतिपिंड येऊन त्यांना धरतं आणि आकडा चढतो. सुई नको, रक्त नको. साऱ्या सशांचा आकडा शेवटपर्यंत शून्य राहिला, आणि त्या शून्यावर मृण्मयीने सही केली. औषधाला मंजुरी मिळाली, आधी मोजक्या रुग्णांसाठी. तोच मापक आता सुरेखाबाईंच्या दंडातही होता. मोबाइलवर हिरवा ठिपका दिसायचा आणि त्या शेजारणीला तो कौतुकाने दाखवायच्या.

प्रयोगशाळेत एक रिवाज होता, निरोपाचा. शेवटची सुई दिली की लगेच मापक काढायचा, सशाच्या कपाळाला हळदीचं बोट लावायचं, गाजर द्यायचं आणि नव्या घरी रवाना करायचं. पूर्वी काही जनावरं औषध बंद झाल्यावरही महिना-दोन महिने पिंजऱ्यात ठेवत, नुसतं बघत बसायला. ते मृण्मयीनेच बंद करायला लावलं. बिचाऱ्यांना उगाच कशाला कोंडून ठेवायचं, आणि जाताना त्यांच्या अंगात आपलं काही ठेवायचं नाही, हा तिचा हट्ट. कोण नाही म्हणणार?

त्या सकाळी सोफ्यापाशी वाकून बसलेली असताना तिला फुगडी आठवली. शाळेत मैदानावर बाई मुली मोजायच्या तेव्हा म्हणायच्या, मोकळे हात वर करा. ज्या जोडीने फुगडी घालत असतील त्या हात कसे वर करणार? त्यांची मोजणीच व्हायची नाही.

मापक मोकळे हातच मोजत होता. सशांच्या अंगात औषध भरपूर होतं, आणि प्रत्येक विरोधी प्रतिपिंडाचे हात औषधानेच धरून ठेवलेले होते. मापकाला धरायला कुणाचा हात रिकामाच नव्हता. म्हणून शून्य. औषध ओसरायच्या आत आपण हळद लावून सगळ्यांना घरी पाठवून दिलं. आता ते ओसरलं होतं, हात मोकळे झाले होते आणि तिकीटच्या अंगभर कडी वाजत होती.

पोहे करपले. सुरेखाबाईंनीच गॅस बंद केला, दोन बोटांनी, सहज.

तिकीटच्या कानातून थेंबभर रक्त काढताना तो पुन्हा ओरडला. मृण्मयीने दात आवळून ते काम केलं आणि थेट शिरवळ गाठलं. तिथं नवा मापक काढून त्यावर थेंब ठेवला. आकडा हलला आणि चढतच गेला. पट्टीच्या टोकाला जाऊन थांबला तो केवळ पुढे पट्टी नव्हती म्हणून.

मग तिने बाकीच्या सशांच्या घरी फोन लावायला घेतले. वाईचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "हात लावू देईना हो. नातीला चावला, म्हणून पिंजऱ्यात ठेवलाय." लोणंदच्या बाई म्हणाल्या, "आमचा गेला. खाईच ना काही. म्हटलं म्हातारा झाला असेल." म्हातारा कसला, वर्षाचा ससा तो. मृण्मयीने त्यांची माफी मागितली आणि कशाबद्दल ते सांगायचं धैर्य न झाल्याने फोन ठेवला.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. सोमण हे वाईट गृहस्थ नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी सगळं ऐकलं, आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला.

"मृण्मयी, ससा आहे तो. औषध माणसाच्या प्रतिपिंडासारखं बनवलंय. सशाचं शरीर त्याला परकं मानणारच. माणसाचं मानेलच असं नाही. हे मी तुला शिकवायला हवं का?"

"नाही सर. पण मानत नाही असं तरी आपल्याला कुठं माहीत आहे? माणसांच्या दंडातही तोच मापक आहे. तिथंही औषध भरपूर आहे."

"दिवाळीला औषध देशभर जातंय."

"म्हणूनच आज आले."

सोमण खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "एका माणसाचं रक्त दाखव. मापकाने नाही, जुन्या पद्धतीने. आंबट करून. तसं निघालं तर मी स्वतः थांबवतो. पण रुग्णांचं रक्त आपल्याकडे नाही. सुई नको, रक्त नको, हीच तर आपली जाहिरात."

एका माणसाचं रक्त. मृण्मयीला माणूस शोधायला लांब जायचं नव्हतं, आणि तेच तिला नको होतं.

ती घरी आली तेव्हा सुरेखाबाई पाटावर बसून एकट्याच सराव करत होत्या. टक् करून राणी खिशात गेली. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर शाळकरी पोरीसारखं हसू होतं.

"कराडच्या पाटलीणबाईंना सांग, रुमाल घेऊन ये म्हणावं रडायला."

"आई, थोडं रक्त हवंय तुमचं. तपासायला."

"हिरवं आहे की माझं." त्यांनी मोबाइल पुढे केला. मग सुनेचा चेहरा पाहिला आणि निमूटपणे हात पुढे केला. "घे."

जुनी पद्धत साधी आहे, कष्टाची आहे एवढंच. रक्तातला पातळ भाग घेऊन त्यात आम्ल घालायचं. आंबटपणाने जोड्यांचे हात सुटतात, औषध एकीकडे, विरोधी प्रतिपिंड एकीकडे. मग पुन्हा जोड्या जमायच्या आत चटकन मोजायचं. मृण्मयीने ते तीनदा केलं. पहिल्यांदा चूक झाली असेल म्हणून, दुसऱ्यांदा चूक झाली असावी अशी प्रार्थना करत, आणि तिसऱ्यांदा नुसतंच.

सशाइतका नव्हता आकडा. पण होता.

घरी जाताना खंबाटकीच्या घाटात तिच्या मनात एक विचार येऊन गेला, तो तिने पुढे कुणालाच सांगितला नाही. शुक्रवारची सुई देऊन टाकावी. औषध चालू आहे तोवर आईंना काहीच जाणवणार नाही. रविवारी सामना होईल, त्या जिंकतील. मग बघू. पण प्रत्येक सुईबरोबर विरोधी प्रतिपिंड वाढत जाणार होतं, आणि एक दिवस औषधाला ते सगळे हात धरून ठेवणं झेपणार नव्हतं. त्या दिवशी काय होईल ते लोणंदच्या सशाने दाखवून दिलं होतं.

तिने दारातच, चप्पल काढायच्याही आधी, सगळं सांगून टाकलं.

सुरेखाबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "ते शून्य आहे म्हणून सही कुणी केली?"

"मी."

"मी तुला विचारलं होतं, घेऊ का गं हे? तू म्हणालीस, आई, डोळे झाकून घ्या."

"हो."

"झाकले की मी डोळे."

मृण्मयी भिंतीला टेकून खाली बसली आणि तिला रडू आलं. सुरेखाबाईंनी तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. कॅरमच्या सोंगट्या एकेक करून डब्यात भरत राहिल्या, जणू त्यांची मोजदाद फार महत्त्वाची होती.

"आता सरळ सांग," त्या म्हणाल्या. "थांबले तर काय, चालू ठेवलं तर काय."

"थांबलात तर औषध हळूहळू उतरेल आणि दुखणं येईल. आधीपेक्षा वाईट. पण नवं औषध मिळालं नाही की शरीरही ते विरोधी बनवायचं सोडतं. मग दुखणं ओसरेल. चालू ठेवलंत तर आत्ता काहीच होणार नाही. पुढं होईल, आणि ते ओसरेल की नाही मला माहीत नाही."

"म्हणजे इथं उतरले तर घाट पायी उतरायचा, आणि बसून राहिले तर गाडी दरीत."

"हो, आई."

"ओसरायला किती लागेल?"

"तिकीटला जितकं लागेल, साधारण तितकं. तो तुमच्या पुढं आहे. त्याच्याशिवाय दुसरं कुणी नाही सांगायला."

सुरेखाबाईंनी वाकून सोफ्याखाली बघितलं.

"उतरते मी," त्या म्हणाल्या. "आणि ऐक. मी नंतर मागेन ती सुई. मला माझा स्वभाव माहीत आहे. शिव्या देईन, विक्रांतला फोन करून तुझी कागाळी करेन. द्यायची नाही."

विक्रांत त्यांचा मुलगा, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. काही महिन्यांतून एकदा घरी येणारा. तो येईल तेव्हा येईल.

सोमणांनी शब्द पाळला. सुरेखाबाईंचा आकडा बघून ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि फोन उचलला. दिवाळीची घोषणा मागे घेतली गेली, रुग्णांना एकेक करून बोलावून जुन्या पद्धतीने तपासायचं ठरलं. कंपनीतल्या पुष्कळ जणांनी मृण्मयीशी बोलणं टाकलं. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही, तिचं लक्ष घरी होतं.

रविवारचा सामना सुरेखाबाई जिंकल्या. अंगात आधीचं औषध होतं तोवरच. ढाल घेऊन घरी आल्या, ती कपाटावर ठेवली आणि स्ट्रायकर स्वतःच्या हाताने पुडीत बांधून आत ठेवून दिला.

मग दुखणं आलं. आधी बोटांत, मग मनगटांत, मग असं झालं की पंख्याचा वाराही सोसेना. डॉक्टर रोज येऊन जात, साध्या गोळ्या देत, आणि त्या गोळ्यांनी काही व्हायचं नाही हे त्यांनाही आणि सुरेखाबाईंनाही माहीत असे. चादर अंगावर नको, बांगड्या नकोत, केसांना कंगवा नको. मृण्मयी नुसती खोलीत आली तरी त्या अंग चोरायच्या. तिकीट सोफ्याखाली, त्या पलंगावर. मृण्मयी दोघांपुढं वाट्या सरकवून मागे व्हायची, आणि वाट्या जशाच्या तशा परत न्यायची.

एका दुपारी सुरेखाबाईंनी हाक मारली. आवाज ओळखू येईना.

"मनू. ती फ्रिजमधली आण."

"आई, तुम्हीच म्हणाला होतात…"

"मी काय म्हणाले ते मला सांगू नको. आण ती."

मृण्मयीने सुई आणली. का आणली ते तिलाही सांगता आलं नसतं. ती पलंगाच्या पायथ्याशी सुई हातात घेऊन उभी राहिली. तासाभरात दुखणं थांबलं असतं. औषध पुन्हा एकेकाचे हात धरायला लागलं असतं, आणि आई शांत झोपल्या असत्या. आणि आतल्या आत सगळं नव्याने सुरू झालं असतं.

"दे गं," सुरेखाबाई म्हणाल्या. "पाया पडते तुझ्या."

मृण्मयीने मान हलवली.

"तुझी आई असती तर दिली असतीस. मी कोण? सासू. तुला आकडा हवाय माझा. सशाचा घेतलास, आता माझा." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "विक्रांतला सांगेन मी. जनावर केलंस माझं."

मृण्मयी तशीच वळली, मोरीपाशी गेली आणि सुई दाबून सगळं औषध पाण्यात सोडून दिलं. पाठीमागून हुंदका आला तो तिने ऐकला. नळ तिने तसाच वाहू दिला.

त्या दिवसापासून सुरेखाबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. मृण्मयी प्रयोगशाळेतून आली की तिकीटच्या कानातून थेंबभर रक्त घ्यायची. तो ओरडायचा आणि पलंगावरच्या बाई डोळे मिटून घ्यायच्या. आकडा जागचा हलत नव्हता. मग एकदा किंचित खाली आला. तिला वाटलं, आपलीच नजर चुकली. पुढच्या वेळी आणखी खाली. तिने हे आईंना सांगितलं नाही. आकड्यांवर भरवसा ठेवा असं त्यांना पुन्हा कुठल्या तोंडाने सांगायचं?

असेच दिवस गेले. एका सकाळी ती चहा घेऊन खोलीत आली आणि दारातच थांबली.

तिकीट सोफ्याखालून बाहेर आला होता. सुरेखाबाई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या, आणि तो त्यांच्या पावलापाशी येऊन हनुवटी त्यावर टेकवून पडला होता. तेवढ्या वजनानेही त्यांना कळ जात असणार. ओठ घट्ट मिटलेले होते. पण त्यांनी पाऊल हलवलं नव्हतं. त्या सावकाश वाकल्या आणि सुजलेल्या बोटाची मागची बाजू त्याच्या पाठीवरून नेली.

तो ओरडला नाही. कान सैल सोडून तसाच पडून राहिला.

"मनू," सुरेखाबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी. "हा उतरला बघ घाट."

"हो, आई. रक्तातही दिसतंय."

"मी कुठवर आलेय?"

"अजून वेळ आहे," मृण्मयी म्हणाली. खोटं बोलायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. "पण त्याच्या मागेच आहात."

सुरेखाबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, तो गेला नव्हता, आणि कदाचित पुरता जाणारही नव्हता.

"डोक्याच्या पार झिंज्या झाल्यात माझ्या," त्या म्हणाल्या. "ये. वेणी घाल. ओरडले तर ओरडले, थांबू नको."

मृण्मयीने चहा खाली ठेवला, कंगवा घेतला आणि त्यांच्या मागे बसली. पहिला हात लागला तशा सुरेखाबाई ओरडल्या. पण त्यांनी मान काढून घेतली नाही.